खैरनारांनी तपासलेला डोंगर

जयराम खैरनार कुठल्याही खुर्चीवर एकदम बसत नसत. आधी तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकवून तिला दाबून बघायचे. मग खाली वाकून चारही पाय जमिनीला लागतात की नाही ते पाहायचे. एवढं करून बसले की लगेच उठायचे, कारण वर पंखा असायचा, आणि ज्याच्याखाली बसायचं तो पंखा कशाला टांगलाय हे नको का बघायला? लग्नाच्या हॉलमध्ये आमची पंगत उठून हात धुवायला निघालेली असायची आणि खैरनार अजून बसायच्या बेतात असायचे.

ते ओझरच्या विमानाच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. विमानाचा एखादा भाग तयार झाला की तो त्यांच्या टेबलावर यायचा. ते तो चाचपायचे, मोजायचे, उजेडात धरून फिरवायचे. शंका आली नाही तर हिरवी चिठ्ठी, आली तर लाल. लाल चिठ्ठी लागलेल्या वस्तूला पुढं अपील नसतं, असं ते अभिमानानं सांगायचे. देशाच्या दृष्टीनं ही फार चांगली गोष्ट होती. अडचण एवढीच, की कारखान्याची बस संध्याकाळी आडगाव नाक्यावर खैरनारांना सोडून निघून जायची आणि चिठ्ठ्या त्यांच्याबरोबर घरी यायच्या. रिक्षाचं मागचं चाक, दूधवाल्याचं माप, आमच्या घरची चकली, सगळ्यांना लाल चिठ्ठी. चकलीबद्दल त्यांचं म्हणणं होतं की काटा सगळीकडं सारखा नाही.

आयुष्यभर विमानांना हात लावून हा माणूस स्वतः मात्र कधी विमानात बसला नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "मला त्यातलं सगळं माहीत आहे ना, म्हणून."

आमच्या सोसायटीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे, मी त्यांच्या समोर. दार उघडं असलं की ते दिसायचे, पण एका जागी कधीच नाही. गॅलरीत जा, परत ये, गॅसचं बटण बघ, पुन्हा गॅलरीत जा. वर्तमानपत्र वाचायचे ते चालत चालत. त्यांच्या पत्नी, साधनावहिनी, अगदी उलट. सगळी कामं करून पुन्हा निवांत दिसायच्या. भाजी निवडताना त्यांच्या समोरून खैरनार सारखे ये-जा करायचे आणि त्या मान वर न करता पाय तेवढे बाजूला घ्यायच्या.

वहिनी इगतपुरीच्या. वडील रेल्वेत होते. त्यांच्या घराच्या मागच्या अंगणातून, पाऊस सरला की, कळसूबाईचं टोक दिसायचं. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर ते, पण इगतपुरीच्या बायकांना त्या उंचीशी काही देणंघेणं नाही. त्यांच्या लेखी ते एका देवीचं घर आहे, जरा वर बांधलेलं. नवरात्रात आजूबाजूच्या गावांतली माणसं डोंगर चढून देवीची ओटी भरायला जातात. वाटेत उभे कडे आहेत, तिथं लोखंडी शिड्या लावल्यात. वहिनींची आई दर वर्षी जायची, आणि लग्नाआधी वहिनीही जायच्या.

त्यांची मुलगी संध्या शाळेत जायला लागली त्या वर्षी तिला टायफॉइड झाला. ताप काही केल्या उतरेना. तेव्हा एका सकाळी वहिनींनी इगतपुरीच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि म्हणाल्या, "आई, पोर उभी राहू दे. आम्ही दोघं जोडीनं वर येऊन तुझी ओटी भरू." पोर उभी राहिली. औषधानं की नवसानं, यावर खैरनारांनी आपलं मत राखून ठेवलं होतं. पण नवस बोलून झाला होता, तो जोडीनं फेडायचा होता, आणि जोडीतला एक जण खैरनार होते.

खैरनार नाही म्हणाले नाहीत, हे लक्षात घ्या. उलट त्यांनी उत्साहानं योजना आखायला घेतली.

पहिली मोहीम नव्वदच्या आसपासची. नवरात्राच्या आधी त्यांनी आम्हा सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. फरशीवर खडूनं डोंगर काढून ठेवला होता. चांगला काढला होता. प्रत्येकानं जे बूट घालून येणार ते घेऊन यायचे होते. खैरनारांनी एकेक बूट हातात घेऊन वाकवला, नाकाजवळ नेला, उन्हात धरला. तळमजल्यावरच्या मनोज निकमचे बूट नवे होते, म्हणून नापास, नवे बूट चावतात. माझे जुने होते म्हणून नापास, जुन्याचा तळ सुटतो. मग दमाची परीक्षा. तीन मजले धावत चढून यायचं आणि वर आल्यावर एक पूर्ण वाक्य बोलायचं. मी वर येऊन "पाणी" एवढंच म्हणालो. खैरनारांच्या मते त्यात क्रियापद नव्हतं.

दिवस मावळेपर्यंत सगळी सोसायटी नापास झाली. राहिले खैरनार आणि वहिनी. त्यावर खैरनार म्हणाले की दोघांनीच अशा डोंगरावर जाणं बरोबर नाही, सोबत हवी. मोहीम रद्द झाली. नंतर कितीतरी दिवस ते सांगत असायचे की आमच्या सहलीत एकाच्याही केसाला धक्का लागला नाही.

पुढच्या वेळी जीप ठरली. घोटीच्या मल्हारीची काळीपिवळी. मल्हारी सकाळी गाडी घेऊन सोसायटीच्या फाटकात उभा राहिला आणि खैरनार जुनी सतरंजी पसरून गाडीखाली शिरले. आधी बराच वेळ त्यांचे पाय दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले. आतून ठक ठक आवाज येत राहिला. आम्ही डबे मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. मल्हारीनं दोन विड्या ओढल्या आणि शेवटी वाकून विचारलं, "सायब, गाडी भाड्यानं न्यायचीय का इकत घ्यायचीय?"

खैरनार बाहेर आले ते काळे होऊन. लाल चिठ्ठी. मल्हारी त्याच गाडीत दुसरे बारा जण भरून कळसूबाईला गेला आणि सुखरूप परत आला. ही बातमी कळल्यावर खैरनार म्हणाले, नशीब हा काही तपासणीचा निकष नाही.

एका वर्षी दगड ओला होता. म्हणजे तसा त्यांना संशय होता. खात्री करायला ते नाशिकच्या जुन्या बसस्थानकावर, सीबीएसवर गेले आणि भंडारदऱ्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरला त्यांनी विचारलं, तिकडं दगड वाळलाय का. कंडक्टर म्हणाला, कुठला दगड? एवढ्या मोठ्या सह्याद्रीत त्याला एक दगड दाखवून देणं खैरनारांना जमलं नाही. मोहीम रद्द. एका वर्षी घटासमोरच्या अखंड दिव्यापाशी थांबायला कुणी नव्हतं. एका वर्षी सगळं जमलं होतं, पण सगळंच कसं जमलं, याची त्यांना शंका आली.

मध्यंतरी सराव सुरू केला. रविवारी सकाळी ते आम्हाला पांडवलेण्यांवर घेऊन जायचे. स्वतः पहिल्या पायरीशी शिट्टी घेऊन उभे राहायचे आणि आम्ही धापा टाकत चढायचो. तुम्ही का येत नाही, असं विचारलं की म्हणायचे, "खालून सगळं दिसतं." आम्हाला वाटायचं, व्यवस्थापन असंच असतं.

दर नवरात्रात वहिनी खण आणायच्या, नारळ आणायच्या, तांदूळ निवडून पुडीत बांधायच्या. मोहीम रद्द झाली की खण कपाटात जायचा आणि दसऱ्याला आमच्याकडं नारळाच्या वड्या यायच्या. वड्या उत्तम असायच्या. त्यामुळं मोहीम रद्द झाल्याचं दुःख सोसायटीत फारसं कुणाला व्हायचं नाही.

वर्षं गेली. दोन हजार तीन साली संध्याचं लग्न ठरलं. मुलगा नाशिक रोडचा, चांगला, खैरनारांनी तपासलेला. मुहूर्त मार्गशीर्षातला. ज्या दिवशी याद्या झाल्या त्या दिवशी साधनावहिनींनी एक वाक्य सांगितलं आणि त्यानंतर खैरनारांची झोप उडाली. वहिनी म्हणाल्या, या नवरात्रात नवस फिटला पाहिजे. ज्या पोरीसाठी बोलले ती घरात आहे तोवर.

मग मात्र खैरनारांचं येरझारा घालणं वेगळंच झालं. आधी त्यात एक शिस्त होती. आता ते गॅलरीपर्यंत न जाता मध्येच वळायचे. चहाचा कप हातात घेऊन फिरायचे आणि चहा न पिता कप परत ठेवायचे. पितृपक्षातच त्यांनी नवी योजना काढली, ती आधीच्या सगळ्या योजनांपेक्षा मोठी होती. तिच्यात दोर होता, ग्लुकोज होतं, पर्यायी वाट होती, आणि पर्यायी वाट बंद असल्यास करायचं काय तेही होतं. माझ्याकडं येऊन ते ती समजावून सांगायचे आणि अर्ध्यावर उठून, आलोच म्हणत, जायचे. संध्या हसून म्हणायची, "बाबा, माझ्या मुलांच्या मुंजीपर्यंत तरी जाऊन या." ते हसायचे नाहीत.

घटस्थापना होऊन दोन-तीन दिवस गेले असतील. वहिनी झेंडूची पिशवी घेऊन जिना चढत होत्या, मी उतरत होतो. मी सहज म्हणालो, या वेळची योजना जोरदार दिसते. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली.

"भाऊजी, त्यांच्या योजनेत कधीच चूक नसते. तुम्हाला अजून कळलं नाही का?"

मला कळलं नव्हतं.

"आमच्या घरातला बल्ब कोण बदलतं? मी. ते स्टूल धरतात. गच्चीवर तुम्ही सगळे कठड्याला रेलून पतंग बघता, ते कुठं उभे असतात?"

पाण्याच्या टाकीला पाठ लावून, हे मला आठवलं. पांडवलेण्यांची पहिली पायरी आठवली. एवढी वर्षं आम्ही बुटांचे तळ दाखवत राहिलो आणि या माणसाला उंचीचं भय आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी विचारलं, मग तुम्ही त्यांना बोलत का नाही. वहिनी म्हणाल्या, "ते सांगत नाहीत तोवर मी कसं म्हणू? पण यंदा मी जाणार. ते आले तर जोडी झाली. नाही आले तर देवीला तोंडावर सांगेन, बाई, माझ्याच्यानं एवढंच झालं. पोरगी ओझं घेऊन सासरी जायची नाही." मग पिशवी उचलून म्हणाल्या, मल्हारीला सांगितलंय, तुम्हीही चला, आणि बुटांची काळजी करू नका.

सातव्या माळेला सकाळी मल्हारीची जीप फाटकात उभी राहिली. अखंड दिव्यापाशी संध्या थांबणार होती. वहिनी ओटीचं ताट पिशवीत घालून खाली आल्या आणि जीपमध्ये बसल्या. वर गॅलरीत खैरनार बनियनवर फेऱ्या मारत होते. या टोकाला जात, खाली बघत, मागं सरत. माझी योजना अजून पूर्ण नाही, हे ते सकाळपासून सांगत होते आणि वहिनी हो हो म्हणत नारळाची शेंडी विंचरत होत्या. अचानक त्यांना जीपच्या दारातून बाहेर आलेले वहिनींचे पाय दिसले.

"अगं, पायात काय आहे?"

"काही नाही. नवरात्र आहे."

एवढे बूट नापास करणाऱ्या माणसाची बायको अनवाणी निघाली होती. खैरनार आत गेले. मला वाटलं, संपलं. पण जिन्यावर धडधड आवाज आला आणि ते शर्टाची बटणं लावत खाली आले. बटणं एक घर चुकली होती. सरळ येऊन जीपमध्ये बसले. मल्हारी चावी हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिला.

"सायब, खालून बघायचं नाय का?"

खैरनार म्हणाले, चल.

घोटीपर्यंत त्यांनी जीपच्या दाराची कडी शेकडो वेळा लावली आणि काढली. बाजूला भाताची खाचरं पिवळी पडायला लागली होती. घोटीच्या पुढं डोंगर दिसायला लागला, तेव्हा ते दुसऱ्या बाजूला बघत बसले. मध्येच म्हणाले की टोकावर ढग दिसतोय. ढग नव्हता. वहिनींनी त्यांच्या हातात शेंगदाण्याचा उपासाचा लाडू दिला, तो त्यांनी बारी गावापर्यंत मुठीत धरून ठेवला.

बारी हे पायथ्याचं गाव. तिथून वाट ओढा ओलांडून वर लागते. नवरात्राची गर्दी होती. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, घुंगरांची काठी घेतलेला एखादा भगत. सगळीकडं पिवळी सोनकी फुललेली. खैरनार नेटानं चालत होते. चढ असला तरी जोवर पायाखाली माती होती तोवर त्यांना काही वाटत नव्हतं, उलट ते भराभर पुढं जायचे, थांबायचे, मागं येऊन आम्हाला गाठायचे आणि पुन्हा पुढं जायचे. तो डोंगर त्यांनी एका दिवसात दीड वेळा चढला असेल.

थोडं वर गेल्यावर सपाटीला देवीचं एक छोटं देऊळ लागतं. ज्यांना टोकापर्यंत जाणं होत नाही ते इथंच हात जोडतात. ते दिसल्याबरोबर खैरनारांचा चेहरा उजळला. त्यांनी देवळाची चौकशी केली, इथंही ओटी घेतात हे कळलं, आणि ते वहिनींजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "हीसुद्धा तीच देवी आहे."

"तीच आहे हो," वहिनी म्हणाल्या. "पण माझं बोलणं वरच्या घरात झालंय."

आणि त्या निघाल्या.

मग पहिली शिडी आली. कड्याला टेकवलेली, लोखंडी, उभी. वहिनी पदर खोचून चढायला लागल्या. त्यांच्यामागं खैरनारांचा नंबर होता, त्यांच्यामागं मी, आणि माझ्यामागं अख्खी यात्रा. खैरनारांनी वर पाहिलं. वर वहिनींचे तळवे होते आणि त्याच्यावर नुसतं आभाळ. त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा पांढरा झाला. ते तिथंच थांबले. मागून एक टोपलीवाली म्हणाली, "ओ बाबा, चढा ना. मागं लय मानसं खोळंबल्यात."

आता आधारासाठी म्हणा, सवयीनं म्हणा, खैरनारांचा हात शिडीच्या बाजूच्या दांडीवर गेला. त्यांनी ती हलवून पाहिली. मग खाली वाकून ती दगडात कशी बसवलीय ते पाहिलं. सांध्यावरून अंगठा फिरवला. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे ताठलेले खांदे सैल झालेले पाहिले.

"थांबा," ते मागं न बघता म्हणाले, "तपासतोय."

हा शब्द रांगेतून खाली खाली गेला. जाता जाता तो वाढत गेला असावा, कारण खालून आवाज आला की मुंबईचा साहेब आलाय, सरकारनं पाठवलाय, जरा दमानं घ्या. एक म्हातारा म्हणाला, बरं झालं, कुणीतरी आलं. माणसं आपापल्या जागी टेकली आणि पानसुपारी काढली.

पहिली पायरी ठीक निघाली. दुसरीचा सांधा खालून नीट दिसेना, म्हणून खैरनार पहिलीवर चढले. तिसरीचा दिसेना म्हणून दुसरीवर. शिडीच्या मध्याच्या आसपास माझ्या लक्षात आलं की खैरनार चढतायत. त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्यांचं नाक लोखंडापासून चार बोटांवर होतं आणि ते स्वतःशी पुटपुटत होते, वेल्डिंग बरं आहे, इथं रंग द्यायला हवा, हे ठीक, हे ठीक. मी श्वास रोखून मागं चढत होतो. पण मध्येच ते थांबले. हाताशी असलेले सांधे तपासून झाले होते बहुतेक, आणि त्यांची मान वळायला लागली. ती वळली असती तर त्यांना खालचं बारी गाव काडेपेट्या मांडल्यासारखं दिसलं असतं.

इतक्यात वरून वहिनींचा आवाज आला. अगदी शांत.

"अहो, इथं जरा हलतंय वाटतं."

"हात लावू नकोस," खैरनार म्हणाले, "मी आलो."

आणि ते गेले. तिथं काहीच हलत नव्हतं. पुढच्या शिडीवरही एका ठिकाणी काहीतरी हललं, त्याच्या पुढच्या शिडीवर एका खिळ्याबद्दल वहिनींना शंका आली. नवरात्राच्या सातव्या माळेला, कडक उपासात, ही बाई एका डोंगरावर इतक्या वेळा खोटं बोलली की मी मनात मोजायचं सोडून दिलं. आणि दर वेळी खैरनार तळमळीनं वर जात होते, तिथं सगळं धड आहे हे बघून जरा नाराज होत होते, आणि पुढची शंका येईपर्यंत दम खात होते.

अशा रीतीनं त्यांनी कळसूबाई तपासली, खालपासून वरपर्यंत.

टोकावर जागा थोडी, देऊळ त्याहून थोडं. आत एका वेळी चार-पाच माणसं मावतात. दाराशी कुसाबाई नावाची एक आजी बसली होती. रांग लावायचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, पण सगळे तिचं ऐकत होते. वहिनी आत वाकून शिरल्या. कुसाबाईनं खैरनारांना शर्टाला धरून आत ढकललं आणि म्हणाली, "जोडीनं हात लावा. तू पण लाव रे बाबा, छताकडं काय बघतोस."

खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. दोघांचे हात ताटाखाली. ओटी भरली गेली. वहिनींनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते, बहुधा शिड्यांबद्दल माफी मागत असाव्यात. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा दिसत होता की मला तिथं उभं राहणं बरं वाटेना. मी जरा बाजूला झालो.

खैरनारही बाहेर आले आणि त्यांनी मान वर केली. आता तपासायला समोर काहीच नव्हतं. एका बाजूला खाली भंडारदऱ्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला अलंग-कुलंग किल्ल्यांचे कडे, आणि मध्ये वारा. त्यांनी एकदा सगळीकडं पाहिलं आणि खाली बसले. दगडावर बसले, तो न दाबता, न हलवता, दोन्ही तळहातांनी जमीन धरून. उभ्या आयुष्यात हा माणूस असा बसला नसेल.

आणि मग ते उठेनात.

आधी आम्हाला वाटलं, दमलेत. मी पाणी दिलं. वहिनींनी प्रसाद दिला. उन्हं कलायला लागली. खालून माणसं येत होती, ओटी भरून जात होती, खैरनार तिथंच. मी म्हणालो, चला, उतरता उतरता पुन्हा तपासा. ते म्हणाले, एकदा पास केलेला माल तोच माणूस पुन्हा तपासत नाही, तसा नियम आहे. मी म्हणालो, पास केलाय ना, मग उतरा की त्यावरून. ते म्हणाले, मी ती शिडी चढण्यासाठी पास केली, उतरण्यासाठी नाही. मग त्यांनी दोराची चौकशी केली. वाऱ्याचा वेग जास्त आहे म्हणाले. आज इथंच राहिलो तर, असं काहीतरी पर्यायी योजनेतलं बोलायला लागले, पण त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते आणि वाक्यं पुरी होत नव्हती. बसल्या जागी त्यांची बोटं गवत उपटत होती. बूड टेकलं होतं, माणूस टेकला नव्हता.

वहिनी त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.

खैरनार मूळचे सटाण्याकडचे. घरी आई होती तोवर तिच्याशी ते अहिराणीत बोलायचे, ती गेल्यावर त्यांच्या तोंडून ती भाषा मी कधी ऐकली नव्हती. बोलायचे ते कारखान्याच्या मराठीत, शिक्का मारल्यासारखं. पण आता ते वहिनींकडं न बघता, पुढच्या दगडाकडं बघत, लहान मुलासारख्या आवाजात म्हणाले,

"साधना, माले भ्याव वाटस."

मला भीती वाटते. एवढंच. एवढं म्हणायला त्यांना गच्चीवरचा खडूचा डोंगर, मल्हारीची जीप, सीबीएसचा कंडक्टर आणि आम्हा सगळ्यांचे बूट लागले होते.

वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माहीत आहे. आपल्याकडचा आकाशकंदील दर दिवाळीला कोण लावतं?"

"तू."

"मग." त्यांनी त्यांची बटणं सोडून पुन्हा नीट लावली, सगळ्या यात्रेसमोर. "आता असं करू. तुम्ही डोंगराकडं तोंड करायचं. मी तुमच्या आधी उतरते. प्रत्येक पायरी मी बघेन आणि सांगेन. तुम्ही काहीच तपासायचं नाही."

खैरनारांना हे पटलं नाही. मोठा कठीण प्रसंग होता त्यांच्यासाठी. ते म्हणाले, "तू कशी तपासणार?"

"पाय ठेवून," वहिनी म्हणाल्या.

खैरनारांनी हळूहळू डोंगराकडं तोंड केलं.

आम्ही उतरायला लागलो. आधी वहिनी, मग कड्याला छाती चिकटवलेले खैरनार, त्यांच्यावर मी. माझं काम फक्त त्यांच्या डोक्यावर पाय न देणं. वहिनी एक पायरी उतरायच्या, अनवाणी पाय तिच्यावर टेकवायच्या, आणि सांगायच्या, "आहे. ठेवा." खैरनारांचा पाय हवेत घोटाळायचा, खाली यायचा, परत वर जायचा. वहिनी घाई करायच्या नाहीत. "आहे. ठेवा." खालून वर येणारी माणसं थांबली होती. कुणी चेष्टा केली, काका, झोप लागली का वर. कुणी देवीच्या नावानं चांगभलं केलं. खैरनारांना काही ऐकू येत नसावं. एकदा त्यांचा अंगठा सवयीनं सांध्याकडं गेला. खालून आवाज आला, "अहो." अंगठा परत आला.

एक शिडी झाली. मध्ये जरा सपाटी, तिथं त्यांना हुंदक्यासारखी उचकी लागली. मग दुसरी. मग आणखी. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पण पाय आता हवेत आधीएवढा वेळ राहत नव्हता, हे मला वरून दिसत होतं.

शेवटच्या शिडीखाली वहिनी जमिनीवर पोचल्या आणि मागं सरून उभ्या राहिल्या. "झालं. आता जमीनच."

खैरनार शेवटच्या पायरीला लटकल्यासारखे उभे होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात लोखंडावर, एक पाय खाली सोडलेला. त्या पायात आणि मातीत वीतभर अंतर असेल. पाय चाचपत होता, माती सापडत नव्हती.

"साधना."

"इथंच आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी हात सोडले.